प्रवासात असताना घरचा संगणक मोबाइलवरून कसा चालवावा

दोन वर्षांपूर्वी भुसावळहून सुरतेला जात असताना गाडी नंदुरबार स्थानकात थांबली होती, तेव्हा बऱ्हाणपूरच्या एका केळी व्यापाऱ्याचा फोन आला. आदल्या आठवड्यात गेलेल्या तीन गाड्यांचे वजन आणि भाव त्याला लगेच हवे होते, आणि तो हिशेब फैजपूरला आमच्या घरी, वरच्या खोलीतल्या संगणकात होता. फोनवरून घरचा संगणक उघडण्याची सोय मी महिनाभर आधी करून ठेवली होती, म्हणून निर्धास्तपणे अ‍ॅप उघडले, तर संगणकाच्या नावाखाली 'ऑफलाइन' असा शब्द दिसला. घरी फोन लावला. नाना म्हणाले, "रात्री वर कोणी नव्हतं, म्हणून खोलीचं बटण मीच बंद केलं." त्यांचे काहीही चुकले नव्हते, कारण रिकाम्या खोलीची वीज बंद करणे ही आमच्या घरची जुनी रीत आहे. मी फोनची तयारी केली होती, पण घराची केली नव्हती.

हा लेख मुख्यतः त्या घराच्या तयारीसाठी लिहिला आहे. फोनवर अ‍ॅप बसवून जोडणी करणे हे पंधरा मिनिटांचे काम असून ते कोणालाही जमते. अवघड भाग पुढचा आहे: आपण दोनशे किलोमीटर दूर असताना घरचा संगणक चालू असणे, त्याचे इंटरनेट चालू असणे, आणि त्याचे दार आपल्याखेरीज दुसऱ्या कोणालाही न उघडणे.

आधी आपली गरज नेमकी काय आहे हे तपासावे. अनेकांना दूरवरून संगणक चालवायचा नसतो, त्यांना फक्त एखादी फाइल हवी असते. सातबाऱ्याची प्रत, मुलाची गुणपत्रिका किंवा मागच्या वर्षीचे विवरणपत्र एवढ्यासाठी संगणक रात्रंदिवस चालू ठेवणे योग्य नाही. अशी कागदपत्रे गुगल ड्राइव्हवर ठेवावीत. तिथे १५ जीबी जागा विनामूल्य मिळते आणि घरची वीज गेली तरी कागद हाताशी राहतो. मात्र हिशेबाचे सॉफ्टवेअर केवळ त्याच संगणकावर चालत असेल, बिल घरच्याच प्रिंटरवर छापायचे असेल किंवा घरी बसलेल्या माणसाला अडलेले काम दुरून करून द्यायचे असेल, तर संपूर्ण संगणकच फोनच्या पडद्यावर आणावा लागतो.

जोडणी कशी होते

ही गोष्ट समजून घेतली म्हणजे पुढच्या निम्म्या अडचणींचे कारण आपोआप कळते. घरातल्या राउटरला कंपनी जो पत्ता देते, तो पुष्कळदा फक्त आपला नसतो. जुन्या पद्धतीच्या इंटरनेट पत्त्यांची एकूण संख्या सुमारे ४२९ कोटी आहे आणि जगातली उपकरणे त्याहून कितीतरी जास्त आहेत, म्हणून मोबाइल कंपन्या आणि तालुक्याच्या गावांतले अनेक ब्रॉडबँड पुरवठादार शेकडो ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवतात. राउटरच्या सेटिंगच्या पानावर बाहेरच्या बाजूचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर आपले घरही अशाच सामाईक पत्त्यामागे आहे असे समजावे. अशा घरात बाहेरून थेट शिरता येत नाही. राउटरमध्ये पोर्ट, म्हणजे बाहेरून आत येण्याचे क्रमांकित दार, उघडण्याचे जे धडे इंटरनेटवर सापडतात, ते इथे कितीही काटेकोरपणे पाळले तरी उपयोगी पडत नाहीत, आणि माणसाला वाटत राहते की आपलेच काही चुकते आहे.

आजची अ‍ॅप यावर जो मार्ग काढतात तो बाजार समितीतल्या अडत्यासारखा आहे. शेतकरी व्यापाऱ्याचे घर शोधत जात नाही आणि व्यापारीही शेतकऱ्याचा मळा शोधत नाही; दोघेही अडत्याकडे येतात आणि तिथे त्यांची गाठ पडते. त्याचप्रमाणे घरचा संगणक स्वतःहून बाहेरच्या सर्व्हरला 'मी हजर आहे' असे कळवत राहतो, फोनही त्याच सर्व्हरला विचारतो, आणि सर्व्हर दोघांची ओळख पटवून त्यांना जोडून देतो. दोन्ही जोडण्या आतून बाहेर जाणाऱ्या असल्यामुळे राउटरमध्ये काहीच बदलावे लागत नाही. यातूनच आणखी एक गोष्ट निघते. पडद्याचे चित्र घरातून बाहेर जाते, त्यामुळे घरच्या इंटरनेटचा अपलोडचा वेग महत्त्वाचा असतो, आणि जाहिरातीत मोठ्या अक्षरांत छापलेला डाउनलोडचा वेग इथे फारसा कामाचा नसतो.

प्रत्यक्ष बसवणे

मी क्रोम रिमोट डेस्कटॉप वापरतो आणि घरगुती कामासाठी तेच सुचवतो. ते विनामूल्य आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालते, अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींसाठी त्याचे अ‍ॅप आहे, आणि संगणक पुन्हा सुरू झाला तरी ते पार्श्वभूमीत आपोआप चालू होते. घरी कोणी नसताना हा शेवटचा गुण सगळ्यांत मोलाचा ठरतो.

संगणकावर क्रोम ब्राउझर उघडून त्यात आपल्या गुगल खात्याने प्रवेश करावा आणि पत्त्याच्या पट्टीत रिमोटडेस्कटॉप डॉट गुगल डॉट कॉम स्लॅश अ‍ॅक्सेस असा पत्ता इंग्रजी अक्षरांत टाकावा. समोर 'सेट अप रिमोट अ‍ॅक्सेस' अशी चौकट दिसते. तिच्यातल्या खाली रोखलेल्या बाणावर क्लिक केले की एक छोटा प्रोग्रॅम उतरतो. तो उघडून बसवावा आणि विंडोजने परवानगी विचारल्यावर होकार द्यावा. नंतर संगणकाला नाव देण्यास सांगितले जाते. तिथे आपोआप आलेले आकडे आणि अक्षरे तशीच न ठेवता 'घर वरची खोली' असे ओळखू येणारे नाव द्यावे, म्हणजे पुढे दुसरा संगणक जोडल्यावर गोंधळ होत नाही. शेवटी किमान सहा अंकांचा पिन दोनदा टाकायचा असतो. हा पिन जन्मतारीख, गाडीचा क्रमांक किंवा एटीएमचा पिन यांपैकी काहीही नसावा. संगणकाच्या नावाखाली 'ऑनलाइन' असे आले की घरच्या बाजूचे काम झाले. मॅक वापरणाऱ्यांना याशिवाय सिस्टीम सेटिंग्जमधील प्रायव्हसी विभागात जाऊन स्क्रीन रेकॉर्डिंग आणि अ‍ॅक्सेसिबिलिटी या दोन परवानग्या द्याव्या लागतात. त्या राहिल्या तर पडदा दिसत नाही किंवा दिसूनही माउस हलत नाही.

फोनवर प्ले स्टोअर किंवा अ‍ॅप स्टोअरमधून क्रोम रिमोट डेस्कटॉप हे अ‍ॅप घ्यावे. संगणकावर जे गुगल खाते वापरले तेच फोनवर निवडावे. बहुतेकांच्या फोनमध्ये दोन-तीन खाती असतात, आणि 'यादीत संगणकच दिसत नाही' या तक्रारीमागे अनेकदा चुकीचे खाते हेच कारण असते. यादीतल्या नावावर बोट टेकवून पिन टाकला की घरचा पडदा हातात येतो.

पहिली चाचणी घरीच, पण फोनचे वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावर करावी. वाय-फायवर सगळे सुरळीत चालते आणि खरी परीक्षा झाल्यासारखे वाटते, पण तेव्हा फोन आणि संगणक एकाच राउटरवर असतात. दुसरी चाचणी गावाबाहेर, रोजच्या बसच्या रस्त्यावर कुठेतरी थांबून घ्यावी. सातपुड्याच्या बाजूला, धडगाव किंवा तोरणमाळच्या घाटांत, मोबाइलचे नेटवर्क मध्येच क्षीण होते, म्हणून तिकडे जाणाऱ्यांनी हातातले काम घाट चढण्याआधी उरकून घ्यावे.

वीज, झोप आणि उन्हाळा

इथे मला सविस्तर लिहायचे आहे, कारण आपल्या भागात ही सोय बंद पडते ती बहुधा याच जागी.

विंडोजचा संगणक काही वेळ कोणी हात लावला नाही तर झोपतो, आणि झोपलेल्या संगणकापर्यंत कोणतेही अ‍ॅप पोहोचत नाही. सेटिंग्जमध्ये सिस्टीम आणि त्याखाली पॉवर असा विभाग आहे. तिथे पडदा बंद होण्याची मुदत पाच-दहा मिनिटे राहू द्यावी, पण स्लीप आणि हायबरनेट या दोन्हींपुढे 'नेव्हर' निवडावे. पडदा बंद होणे आणि संगणक झोपणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मॉनिटर बटणाने बंद केला तरी काम चालू राहते. लॅपटॉप असेल तर झाकण मिटल्यावर काय करायचे याची निवड कंट्रोल पॅनलमधील पॉवर ऑप्शन्समध्ये असते. तिथे चार्जर लावलेला असताना 'डू नथिंग' ठेवावे.

त्यानंतर वीज. महावितरणची लाइन गेली की डेस्कटॉप बंद पडतो आणि वीज परत आली तरी कोणीतरी बटण दाबेपर्यंत तसाच राहतो. यावरचा उपाय मदरबोर्डमध्येच असतो, पण फार थोड्यांना तो माहीत असतो. संगणक सुरू होताना डिलीट किंवा एफ टू हे बटण दाबत राहिले की बायोस, म्हणजे विंडोजच्याही आधी चालू होणारी संगणकाची मूळ सेटिंग्ज, उघडते. तिच्यात पॉवरच्या विभागात 'रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस' किंवा 'एसी बॅक' अशा नावाचा पर्याय सापडतो. नाव प्रत्येक कंपनीचे निराळे असते, अर्थ एकच. तिथे 'पॉवर ऑन' निवडले की वीज आल्याबरोबर संगणक आपणहून सुरू होतो. क्रोम रिमोट डेस्कटॉप विंडोजच्या आधारसेवांबरोबर सुरू होत असल्यामुळे आपल्याला फोनवर विंडोजचा पासवर्ड विचारणारा पडदा दिसतो, तिथे पासवर्ड टाकून पुढे जाता येते. यासाठी विंडोजच्या खात्याला पासवर्ड असलाच पाहिजे. तो काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मानू नये.

लाइन वारंवार येत-जात असेल तर यूपीएस आवश्यक आहे. प्रत्येक झटक्याला चालू-बंद होणारा संगणक हार्ड डिस्क लवकर गमावतो. पण यूपीएस आणि वरची सोय यांच्यात एक गुंता होतो. बॅटरी संपत आली म्हणून यूपीएसच्या सॉफ्टवेअरने संगणक व्यवस्थित बंद केला आणि बॅटरी पूर्ण उतरण्याआधीच लाइन परत आली, तर संगणकाच्या दृष्टीने वीज कधी गेलेलीच नसते, आणि म्हणून तो आपोआप सुरू होत नाही. अशा वेळी घरच्या माणसाला फोन करून बटण दाबायला सांगणे हाच सरळ मार्ग आहे. घरात इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागे 'यूपीएस मोड' आणि 'इको' किंवा 'नॉर्मल' असा खटका असतो का ते पाहावे. यूपीएस मोडमध्ये लाइनवरून बॅटरीवर जाण्याचा वेळ कमी लागतो आणि संगणक मध्येच पुन्हा सुरू होत नाही.

संगणक वाचवला आणि राउटर विसरला असेही पुष्कळ वेळा घडते. इन्व्हर्टरची लाइन सहसा पंखे आणि दिवे यांनाच दिलेली असते, आणि राउटर ज्या सॉकेटवर असतो ते सॉकेट तिच्यावर नसते. फायबर जोडणीत भिंतीवरची फायबरची पेटी आणि राउटर ही दोन निराळी उपकरणे असतील, तर दोन्हींना आधाराची वीज हवी. इन्व्हर्टर नसेल तर राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस घ्यावा, मात्र घेण्यापूर्वी राउटरच्या अडॅप्टरवर १२ व्होल्ट लिहिले आहे की ९ व्होल्ट, हे वाचून तेवढाच घ्यावा.

खर्चाचा अंदाजही आधी करावा. समजा आपला संगणक रिकामा बसलेला असताना ५० वॅट वीज घेतो. तर चोवीस तासांत १.२ युनिट आणि तीस दिवसांत ३६ युनिट होतात. चार दिवसांच्या प्रवासासाठी हे काहीच नाही, पण वर्षभर रोज चालू ठेवायचे असेल तर बिलात दिसते. लॅपटॉप यापेक्षा बराच कमी वीज खातो.

उन्हाळ्याचे वेगळे सांगायला हवे. एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, आणि पत्र्याच्या किंवा थेट स्लॅबखालच्या बंद खोलीत त्याहून अधिक उष्णता कोंडते. अशा खोलीत संगणक दिवसभर चालू ठेवून परगावी जाणे धोक्याचे आहे. शक्य असेल तर तो उन्हाळ्यापुरता खालच्या खोलीत, जमिनीपासून थोडा उंच ठेवावा, आणि निघण्याआधी पंख्याची जाळी व आतली धूळ ब्लोअरने काढावी. जिनिंगजवळ राहणाऱ्यांकडे कापसाचे बारीक तंतू जाळीवर नमद्यासारखे बसतात आणि हवा पूर्ण अडवतात. लॅपटॉप महिनोन् महिने चार्जरवर राहणार असेल, तर त्याच्या कंपनीच्या अ‍ॅपमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय आहे का ते पाहून ती चालू करावी. तापलेल्या खोलीत पूर्ण भरलेली बॅटरी फुगण्याची भीती असते.

नंदुरबारच्या त्या प्रसंगानंतर मी वरच्या खोलीच्या स्विचबोर्डवर एका बटणाशेजारी जाड कागदाची चिठ्ठी चिकटवली: 'हे बटण बंद करू नये, संगणक चालू आहे.' इलेक्ट्रिशियनला बोलावून संगणक आणि राउटर यांची लाइन पंख्या-दिव्यांच्या बटणांपासून वेगळीही करून घेतली. नाना आता बाकीची सगळी बटणे बंद करतात आणि ते एक तसेच ठेवतात.

बंद संगणक दुरून सुरू करणे

सतत चालू ठेवणे मान्य नसेल, तर झोपलेल्या संगणकाला जागे करण्याची वेक ऑन लॅन नावाची सोय आहे. संगणक झोपला असला तरी त्याचे नेटवर्क कार्ड अर्धवट जागे राहते आणि एका ठरावीक संदेशाची वाट पाहते. त्या संदेशात ठरलेले सहा बाइट आणि त्यानंतर त्या कार्डाचा सहा बाइटांचा मॅक अ‍ॅड्रेस (कार्डाचा स्वतःचा ओळख क्रमांक) सोळा वेळा, असे एकूण १०२ बाइट असतात. ही सोय वायरने जोडलेल्या संगणकावर भरवशाने चालते, वाय-फायवर सहसा नाही. ती बायोसमध्ये आणि विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क कार्डाच्या पॉवर मॅनेजमेंटखाली, अशी दोन्ही ठिकाणी चालू करावी लागते, आणि पूर्ण बंद केलेला संगणकही उठावा असे वाटत असेल तर विंडोजचे फास्ट स्टार्टअप बंद करावे लागते.

अडचण अशी की हा संदेश घराच्या आतूनच निघावा लागतो. वर सांगितलेल्या सामाईक पत्त्यामुळे बसमधल्या फोनने पाठवलेला संदेश राउटरपर्यंत पोहोचतच नाही. म्हणून घरात कायम चालू असलेले दुसरे काहीतरी हवे: राउटरच्या अ‍ॅपमध्येच अशी सोय असेल तर उत्तम, नाहीतर घरी असलेल्या माणसाच्या फोनवर वेक ऑन लॅनचे अ‍ॅप बसवून त्याला एक बटण दाबायला सांगावे. अर्थात घरी माणूस असेल तर तो संगणकाचेच बटण दाबू शकतो, त्यामुळे हा सगळा खटाटोप मला प्रत्येक घरासाठी आवश्यक वाटत नाही. बायोसमध्ये 'पॉवर ऑन' निवडून स्मार्ट प्लग लावणे हा सोपा पर्याय आहे. प्लग फोनवरून चालू केला की वीज मिळते आणि संगणक उठतो. मात्र चालू संगणकाचा प्लग कधीही फोनवरून बंद करू नये. आधी संगणक विंडोजमधून बंद करावा, दोन मिनिटे थांबावे आणि मग प्लग बंद करावा.

बोटाने माउस चालवणे

गेल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, वहिनी माहेरी शिरपूरला गेल्या होत्या. आमच्या व्यवहाराचा हिशेब त्या पाहतात. तिथे त्यांच्या लक्षात आले की एका गाडीच्या बिलात १४८ क्विंटलच्या जागी १८४ पडले आहे आणि ते बिल संध्याकाळी व्यापाऱ्याच्या माणसाच्या हाती जाणार आहे. त्यांनी अंगणातल्या बाजेवर बसून फोनवर घरचा संगणक उघडला. सुरुवातीला त्यांचे बोट त्या आकड्याच्या चौकटीवर पडेना, कारण चौकट तांदळाच्या दाण्याएवढी दिसत होती आणि बोटाखाली तीन चौकटी झाकल्या जात होत्या. मी त्यांना अ‍ॅपच्या मेनूमधून ट्रॅकपॅड मोड निवडायला सांगितला. या पद्धतीत बोट पडद्यावर कुठेही फिरवले तरी बाण त्याप्रमाणे सरकतो, आणि बाण योग्य जागी आल्यावर कुठेही एकदा टेकवले की क्लिक होते. दोन बोटांनी चौकट मोठी करून, बाण तिच्यावर आणून, त्यांनी आकडा दुरुस्त केला आणि छापण्याची आज्ञा दिली. फैजपूरला प्रिंटरमधून निघालेला कागद नानांनी उचलून पाकिटात घातला.

दोन बोटे एकदम टेकवली की उजवे क्लिक होते, दोन बोटे वर-खाली सरकवली की पान सरकते, आणि चिमटीने पडदा लहान-मोठा होतो. वस्तू ओढून न्यायची असेल तर बोट दाबून धरून मग सरकवावे. कीबोर्डसाठी वरच्या मेनूत चिन्ह आहे आणि कंट्रोल-आल्ट-डिलीट पाठवण्याची सोयही तिथेच आहे. फोन आडवा धरला तर काम निम्म्या त्रासात होते. नेटवर्क मंद असेल तर संगणकाच्या पडद्यावर चित्राऐवजी एकरंगी पार्श्वभूमी ठेवावी आणि रिझोल्यूशन थोडे कमी करावे. पाठवायचे चित्र हलके झाले की बाण अडखळणे कमी होते. यावर चित्रपट पाहण्याचा प्रयत्न करू नये; ते या सोयीचे काम नाही आणि डेटाही भराभर संपतो.

आपण दुरून जे करतो ते घरच्या मॉनिटरवरही दिसते, हे कायम लक्षात असावे. बँकेचे किंवा खाजगी काम करायचे असेल तर निघण्यापूर्वीच मॉनिटर बंद करून ठेवावा. काम संपल्यावर फोनवरचे अ‍ॅप नुसते मिटले तर संगणक उघडाच राहतो, म्हणून आधी विंडोजच्या स्टार्ट मेनूतून लॉक करावे आणि मग जोडणी तोडावी.

इतर अ‍ॅप

एनीडेस्क आणि टीमव्ह्यूअर ही दोन नावे बहुतेकांनी ऐकलेली असतात. दोन्ही चांगली आहेत आणि फोन व संगणक यांच्यात फाइल नेण्याची सोय त्यांच्यात अधिक सुटसुटीत आहे. घरी कोणी नसताना वापरायची असतील तर ती संगणकावर रीतसर बसवून त्यांत कायमचा पासवर्ड ठरवावा लागतो. नुसती फाइल उघडून चालवली तर संगणक पुन्हा सुरू झाल्यावर ती हाती लागत नाहीत. रस्टडेस्क हे मुक्त स्रोत असलेले अ‍ॅप आहे आणि स्वतःचा सर्व्हर चालवण्याची हौस व तयारी असणाऱ्यांना ते आवडेल.

विंडोजमध्ये अंगभूत असलेला रिमोट डेस्कटॉप सगळ्यांत वेगवान वाटतो, पण तो विंडोजच्या होम आवृत्तीवर बाहेरून जोडणी स्वीकारत नाही, त्याला प्रो आवृत्ती लागते. त्याबाबत एक गोष्ट आग्रहाने सांगतो: राउटरमध्ये त्याचे ३३८९ क्रमांकाचे पोर्ट कधीही उघडू नये. इंटरनेटवर असे उघडे दार शोधत फिरणारे प्रोग्रॅम रात्रंदिवस चालू असतात, पासवर्ड ओळखला गेला की ते सगळ्या फाइलींना कुलूप लावून खंडणी मागतात. २०१९ च्या मे महिन्यात या सोयीत इतका गंभीर दोष सापडला होता की मायक्रोसॉफ्टने पाठिंबा संपलेल्या विंडोज एक्सपीसाठीही दुरुस्ती काढली. ही सोय वापरायचीच असेल तर टेलस्केलसारखे खाजगी जाळे उभारून त्याच्या आतून वापरावी. त्याचबरोबर विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. जो संगणक बाहेरून उघडता येणार आहे, तो तरी नव्या आवृत्तीवर असावा.

दाराचे कुलूप

आता या सगळ्याचे कुलूप गुगल खात्याला लागते, म्हणून त्या खात्यावर दोन टप्प्यांची पडताळणी चालू केल्याशिवाय घराबाहेर पडू नये. फोनलाही पडदाकुलूप हवे. पिन फोनच्या नोंदवहीत लिहून ठेवू नये.

पण कुलपापेक्षा मोठी चोरी गोड बोलून होते. भारतीय रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच एनीडेस्कचा वापर करून खात्यातले पैसे काढले जात असल्याचा इशारा दिला होता. अ‍ॅप वाईट नव्हते. फोन करणारा माणूस वाईट होता. 'बिल भरले नाही, आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल' असा संदेश येतो, दिलेल्या क्रमांकावर फोन केला की समोरचा माणूस एक अ‍ॅप बसवायला सांगतो आणि पडद्यावर दिसणारा नऊ किंवा दहा आकडी क्रमांक मागतो. तो क्रमांक सांगितला आणि परवानगीच्या बटणावर बोट ठेवले की आपला फोन त्याच्या हातात जातो, ओटीपीही त्यालाच दिसतो. वीज कंपनी, बँक किंवा पोलीस यांपैकी कोणीही असे अ‍ॅप बसवायला सांगत नाही. ही सोय आपण घरात आणणार असू, तर आई-वडिलांना बसवून ही गोष्ट समजावून सांगणे आपले काम आहे, कारण एकदा आपल्या तोंडून 'रिमोट' हा शब्द त्यांच्या ओळखीचा झाला की तोच शब्द दुसऱ्याच्या तोंडी आल्यावर त्यांना परका वाटणार नाही. मी आमच्या घरी एवढाच नियम ठेवला आहे: असा क्रमांक कोणीही मागितला, अगदी माझे नाव सांगून मागितला, तरी फोन ठेवायचा आणि मला परत फोन लावायचा. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर कळवावे. तक्रार जितकी लवकर जाते तितकी रक्कम वाटेतच गोठवली जाण्याची शक्यता अधिक असते.

घरच्यांना खरोखर मदत करायची असेल तेव्हा क्रोम रिमोट डेस्कटॉपमध्येच त्यासाठी वेगळी सोय आहे. त्यांच्या संगणकावर बारा आकडी संकेतांक तयार होतो, तो पाच मिनिटांतच निकामी होतो आणि काम संपल्यावर मागे उघडे दार राहत नाही. आपण त्यांना फोन केलेला असावा, आवाज ओळखीचा असावा, आणि मगच त्यांनी तो आकडा वाचून दाखवावा.

फोन हरवला किंवा गाडीत चोरीला गेला, तर सोबतच्या माणसाच्या फोनवरून आपल्या गुगल खात्यात जावे, सुरक्षा विभागातल्या उपकरणांच्या यादीत हरवलेला फोन निवडून त्यातून खाते बाहेर काढावे आणि पासवर्ड बदलावा. दोन टप्प्यांची पडताळणी चालू असल्यामुळे इथे संकेत मागितला जातो, आणि तो हरवलेल्या फोनवरच जाण्याची शक्यता असते. यासाठी गुगल जे राखीव संकेतांक देते ते आधीच कागदावर लिहून पाकिटात ठेवलेले असावेत. त्यानंतर घरी फोन करून राउटर बंद करायला सांगावे, म्हणजे पुढची शांततेने करायची कामे होईपर्यंत संगणकाकडे जाणारा रस्ताच बंद राहतो. सिम कंपनीकडून थांबवून घ्यावे, पोलिसांत नोंद करावी आणि केंद्र सरकारच्या संचार साथी या संकेतस्थळावर फोनचा आयएमईआय क्रमांक देऊन तो बंद करवून घ्यावा. तो क्रमांक फोनच्या खोक्यावर छापलेला असतो. प्रवासाला निघण्यापूर्वी त्या खोक्याचा फोटो घरच्या एखाद्या माणसाच्या फोनमध्ये ठेवावा.